तार, ताटली आणि कोंबड्यांची जाळी: घरच्या घरी टीव्हीचा अँटेना बनवता येतो का? आणि गारगोटीत तो चालेल का?

एक जुना चमचा, दोन नाणी, हातभर तांब्याची तार आणि डिशची उरलेली केबल. तीस सेकंदांचा व्हिडिओ. शेवटी टीव्हीवर झक्क चित्र आणि खाली ओळ येते, "रिचार्ज विसरा, सगळे चॅनल फुकट!" असा एखादा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी आला असेल. कमेंटमध्ये निम्मे लोक म्हणतात की चालतं, निम्मे म्हणतात की फसवणूक आहे.

गंमत म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असू शकतात. व्हिडिओ कुठे बनवलाय आणि तो बघून अँटेना कोण बनवतंय, यावर उत्तर बदलतं. न्यू जर्सीत चालणारा अँटेना गारगोटीत का चालत नाही? आणि याच गारगोटीत, याच सामानातून आजही काम करेल असं काय बनवता येतं? सविस्तर समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- घरगुती सामानातून टीव्हीचा अँटेना बनवता येतो. त्यामागचं विज्ञान खरं आहे.
- पण अँटेना चॅनल तयार करत नाही. हवेत असलेला सिग्नल तो फक्त पकडतो. परिसरात टीव्हीचं जमिनीवरून होणारं प्रसारण नसेल, तर सोन्याचा अँटेना केला तरी पडदा रिकामाच राहणार.
- दूरदर्शनचे बहुतेक सगळे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले.
- फुकट टीव्ही हवा असेल तर आजचा सरळ मार्ग डीडी फ्री डिश हा आहे.
- घरगुती अँटेनाची हौस एफएम रेडिओवर मात्र आजही भागते. कृती आणि मापं पुढे दिली आहेत.
- विजेच्या सॉकेटमध्ये वायर घालायला सांगणारा कोणताही व्हिडिओ जिवावर बेतू शकतो.

अँटेना नेमकं करतो काय?

ट्रान्समीटरमधून निघालेल्या रेडिओलहरी धातूच्या दांडीवर आदळल्या की त्या दांडीत अगदी बारीक विद्युतप्रवाह तयार होतो. तो केबलमधून टीव्हीपर्यंत जातो आणि टीव्ही त्यातून चित्र आणि आवाज वेगळा करतो. अँटेनाचं काम एवढंच.

पण कोणतीही दांडी कोणत्याही लहरीला सारखाच प्रतिसाद देत नाही. झोपाळ्याला जशी ठरावीक लयीत ढकल दिली की तो उंच जातो, तसंच इथे असतं. दांडीची लांबी लहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी असली की ती त्या लहरीला सगळ्यात चांगला प्रतिसाद देते. म्हणून अँटेनामध्ये धातू कोणता यापेक्षा माप किती याला जास्त महत्त्व आहे. तांबं, ॲल्युमिनियम, पितळ, कपड्यांच्या हँगरची तार, यातलं काहीही चालतं.

सगळ्यात साधा अँटेना म्हणजे डायपोल. एका सरळ रेषेत दोन दांड्या, मध्ये छोटी फट आणि त्या फटीत केबलची दोन टोकं. प्रत्येक दांडीची लांबी काढायचं सोपं सूत्र असं: ७१०० या आकड्याला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येईल.

जुन्या टीव्हीच्या बाबतीत हे करून पाहू. भारतात ॲनालॉग टीव्हीचा चॅनल ५ हा १७४ ते १८१ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होता. ७१०० भागिले १७५ म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर. दोन्ही बाजू धरून ८० सेंटिमीटरचा अँटेना झाला. चॅनल ४ मात्र ६१ ते ६८ मेगाहर्ट्झवर होता. तिथे हीच एक बाजू सुमारे १.१ मीटरपर्यंत जाते. एकाच गल्लीत कुणाच्या छपरावर छोटा अँटेना आणि कुणाच्या छपरावर भलामोठा का दिसायचा, त्याचं कारण हे आहे.

छपरावरचा "माशाचा काटा" कुणाच्या डोक्यातून आला?

ज्यांचं बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना छपरावरचा माशाच्या काट्यासारखा दिसणारा ॲल्युमिनियमचा अँटेना आठवत असेल. त्याचं नाव यागी-उदा. जपानमधल्या सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो मांडला.

त्याची रचना हुशारीची आहे. केबल जोडलेली दांडी एकच, म्हणजे डायपोल. तिच्या मागे थोडी जास्त लांब दांडी असते, ती आरशासारखं काम करून लहरी पुढे परतवते. पुढच्या बाजूला थोड्या आखूड दांड्या असतात, त्या लहरींना वाट दाखवतात. मागच्या-पुढच्या दांड्यांना वायर जोडलेलीच नसते, तरी त्यांच्यामुळे एका दिशेचा सिग्नल जास्त जोरात मिळतो आणि बाकीच्या दिशांचा कमी होतो.

याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४२ मध्ये जपानी सैन्याने सिंगापूर जिंकलं, तेव्हा त्यांच्या हाती ब्रिटिशांच्या रडारची टिपणं लागली. त्यात पुन्हा पुन्हा "यागी" हा शब्द येत होता. तो काय आहे हे जपान्यांना समजेना. शेवटी एका ब्रिटिश युद्धकैद्याने सांगितलं की ते अँटेना बनवणाऱ्या जपानी माणसाचं नाव आहे. स्वतःच्या देशात दुर्लक्षित राहिलेला हा अँटेना पुढे जगभरच्या छपरांवर पोचला.

"आलं का? आलं का?"

भारतात टीव्हीची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाली. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या ट्रान्समीटरमुळे मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. १९८२ मध्ये रंगीत प्रसारण आलं आणि १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीचे ट्रान्समीटर इतक्या झपाट्याने उभारले गेले की काही महिने जवळपास रोज एक सुरू होत होता.

या छोट्या ट्रान्समीटरची शक्ती साधारण १०० वॉट असायची. शहर आणि आसपासची वीस-पंचवीस किलोमीटरवरची गावं, एवढाच त्यांचा पल्ला. त्याच्या पलीकडे राहणाऱ्यांना सिग्नल मिळायचा तो काठावरचा. आणि याच काठावरच्या भागात घरगुती इंजिनिअरिंग बहरलं.

बांबूला बांबू जोडून अँटेना उंच करणं, मोडक्या छत्रीच्या काड्या लावणं, सायकलचं चाक टांगणं, जर्मनची ताटली तारेने बांधणं असे सगळे प्रयोग झाले. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' आणि २ ऑक्टोबर १९८८ ला 'महाभारत' सुरू झाल्यावर तर रविवारी सकाळी अर्धं गाव एका टीव्हीसमोर आणि एक पोरगा छपरावर, असं चित्र असायचं. वरून आवाज यायचा, "आलं का?" खालून उत्तर जायचं, "आलं, आलं! आता हलू नको!" आणि पोराने हात सोडला की परत मुंग्या.

त्या ताटलीने खरंच फरक पडायचा का? थोडाफार. ६० ते १८० मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी पावणेदोन ते पाच मीटर असते. तिच्यापुढे फूटभर ताटली फारच लहान. फरक पडायचा तो बहुतेक वेळा ताटली बांधताना अँटेना थोडा फिरला, थोडा वर गेला, सैल झालेली वायर घट्ट बसली, यामुळे. आणि पोराने हात सोडल्यावर चित्र जायचं, कारण माणसाचं शरीरही विजेचं वाहक आहे. दांडी धरलेला पोरगा स्वतःच अँटेनाचा भाग झालेला असायचा.

गारगोटीचा भूगोल काय सांगतो?

गारगोटी हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्याचं मुख्य ठिकाण. वेदगंगेच्या खोऱ्यात, कोल्हापूरच्या दक्षिणेला, रस्त्याने साधारण ५० किलोमीटरवर. तालुक्याची पश्चिम बाजू सह्याद्रीला भिडलेली. एका अंगाला भुदरगड किल्ला, पुढे पाटगाव, रांगण्याच्या बाजूचं जंगल. बघायला देखणा मुलूख, पण टीव्हीच्या लहरींसाठी अवघड.

कारण टीव्ही आणि एफएमच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यांना क्षितिजाची मर्यादा येते. ढोबळ नियम असा: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणलं की किलोमीटरमधला पल्ला मिळतो. ट्रान्समीटर आसपासच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच असेल, तर पल्ला ४१ किलोमीटर. तुमचा अँटेना जमिनीपासून १० मीटरवर असेल, तर आणखी १३ किलोमीटर. एकूण ५४.

कोल्हापूर ते गारगोटी हवाई अंतर ४० ते ४५ किलोमीटर भरतं. म्हणजे सपाट जमीन असती तर कागदावर जमलं असतं, पण मध्ये डोंगर आहेत. डोंगराआडच्या वाडीत आणि माथ्यावरच्या वस्तीत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शिवाय डोंगरावर आदळून येणारी लहर थोडी उशिरा पोचते आणि ॲनालॉग टीव्हीवर माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसते. जुन्या टीव्हीवर एकाऐवजी दोन बातमीदार दिसायचे, ते याच कारणाने.

कोंबड्यांच्या जाळीची डिश: साधं सामान, मोठा प्रयोग

घरगुती सामानातून अँटेना म्हटलं की अनेकांना ते फक्त पोरांचे उद्योग वाटतात. पण भारतातल्या एका मोठ्या सरकारी प्रयोगाची भिस्त चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीवर होती.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात इस्रो आणि नासाने मिळून 'साइट' नावाचा प्रयोग केला. एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचवण्यात आला. शेती, आरोग्य, शाळेचे धडे असे कार्यक्रम असायचे. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारच्या कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते.

खेड्यात बसवलेली डिश सुमारे तीन मीटर व्यासाची होती आणि तिचा पृष्ठभाग होता कोंबड्यांच्या जाळीचा. स्वस्त, हलकी, वारा आरपार जाऊ देणारी आणि गावात दुरुस्त करता येणारी. जाळीला एवढी भोकं असताना सिग्नल निसटत कसा नव्हता? कारण हे प्रसारण ८६० मेगाहर्ट्झवर होतं. त्या लहरीची लांबी ३५ सेंटिमीटर. भोक लहरीच्या लांबीच्या दहाव्या भागापेक्षा लहान असेल, तर लहरीच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे जवळपास सलग पत्राच. इथे दहावा भाग साडेतीन सेंटिमीटर होतो आणि कोंबड्यांच्या जाळीचं भोक त्यात सहज बसतं.

मग आजची डिश घरी का बनवता येत नाही?

हाच हिशोब आजच्या डिशला लावून बघा. घरगुती डिशचं प्रसारण ११-१२ हजार मेगाहर्ट्झच्या आसपास असतं. लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर. दहावा भाग अडीच मिलिमीटर. म्हणजे कोंबड्यांची जाळी बाद झाली. मोठी कढई किंवा घमेलं वापरावं म्हटलं, तर त्याचा आकार नेमका पॅराबोला नसतो. एक-दोन मिलिमीटरचा पोचाही लहरींना एका बिंदूवर जमू देत नाही. शिवाय डिशच्या तोंडाशी असतो तो एलएनबी हा इलेक्ट्रॉनिक भाग घरात बनत नाही.

त्यामुळे "कढईची डिश" दाखवणारा व्हिडिओ दिसला तर खालचा एलएनबी आणि सेट टॉप बॉक्स विकतचा आहे का, हे आधी बघा.

व्हायरल व्हिडिओ मग खोटे असतात का?

सगळे नाही. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या टीव्ही केंद्रांचं ॲनालॉग प्रसारण थांबलं, पण त्याच जागी डिजिटल प्रसारण जमिनीवरच्या टॉवरवरूनच सुरू राहिलं. ब्रिटनमध्ये हा बदल २०१२ मध्ये पूर्ण झाला. तिथल्या शहरांत आजही हवेत अनेक वाहिन्यांचा मोफत सिग्नल आहे आणि टीव्हीतच तो पकडणारा ट्यूनर बसवलेला असतो. तिथे लाकडी पट्टी, आठ-दहा हँगरच्या तारा आणि थोडे स्क्रू एवढ्यात खरोखर चालणारा अँटेना बनतो. केबलचं महागडं बिल वाचवण्यासाठी तिथले लोक तो बनवतातही. तिथे राहणाऱ्या नातेवाइकाने "आमच्याकडे चालतो" असं सांगितलं, तर तो थापा मारत नाही.

भारतात गाडी वेगळ्या रुळावर गेली. जमिनीवरच्या प्रसारणापेक्षा केबल आणि डिश जास्त पसरली. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रसारण सुरू केलं. त्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, ही दोन शहरं होती. कोल्हापूर त्यात नव्हतं. दुसरीकडे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद करण्याचा निर्णय प्रसार भारतीने राबवला. सीमाभागासारख्या मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं.

परिणाम सरळ आहे. आजीच्या घरच्या माळ्यावरचा यागी अँटेना कितीही चांगल्या स्थितीत असला, तरी गारगोटीत त्याला पकडायला काही उरलेलं नाही. दोष अँटेनाचा नाही, ना तो बनवणाऱ्या पोराचा. व्हिडिओतली "ट्रिक" करून बघितली आणि टीव्हीवर "नो सिग्नल" आलं, तर वायर चुकली म्हणून डोकं खाजवत बसू नका.

काही व्हिडिओ मात्र सरळ बनावट असतात. ओळखायच्या खुणा अशा:

- "हजार चॅनल", "सगळे पेड चॅनल फुकट" असा दावा. पेड चॅनल सांकेतिक स्वरूपात येतात, अँटेना ते उलगडू शकत नाही.
- वायर टीव्हीच्या यूएसबी किंवा एचडीएमआय सॉकेटमध्ये घातलेली दिसणं. अँटेना तिथे लागतच नाही.
- बल्ब, बॅटरी, स्पार्क प्लग, चुंबक असं सामान जोडणं. अँटेनाला त्याची गरज नसते.
- वायर जोडताना आणि चित्र दिसताना मध्ये व्हिडिओ तुटलेला असणं.

सर्वात धोकादायक "ट्रिक"

काही व्हिडिओंमध्ये सांगतात की घराचं वायरिंग हाच मोठा अँटेना आहे, म्हणून केबलची तार भिंतीवरच्या सॉकेटच्या एका भोकात घाला. असं कधीही करू नका. आपल्याकडे सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. कोणत्या भोकात फेज आहे, कोणत्यात न्यूट्रल, हे जुन्या घरात अनेकदा उलटं जोडलेलं असतं. टीव्ही जळेल तो वेगळाच, पण केबलला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. अर्थिंगच्या भोकावरही भरवसा ठेवू नका. वायरिंगमध्ये बिघाड असेल तर तिथेही वीज उतरलेली असू शकते.

छपरावर चढणाऱ्यांसाठी आणखी तीन गोष्टी. एक, लोखंडी पाइप उभा करताना तो तोल जाऊन आडवा पडला, तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर हवं. दोन, एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमले की छपरावरचं काम बंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने बनवलेलं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते मोबाईलमध्ये असू द्या. तीन, गडगडाट सुरू होण्याआधी अँटेनाची केबल टीव्हीतून किंवा रेडिओतून काढून ठेवा. सुरू झाल्यावर तिला हात लावू नका.

फुकट टीव्ही हवाच असेल तर

डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झालेली सेवा आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते. डिश, एलएनबी, केबल आणि बॉक्सचा खर्च एकदाच. महिन्याचं शुल्क नाही. डीडी सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या आणि काही खासगी वाहिन्या त्यावर दिसतात. महिन्याचं शुल्कच नसल्यामुळे "फ्री डिशचं रिचार्ज संपलंय, या नंबरवर पैसे पाठवा" असा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजा.

डोंगराळ भागाला याचा मोठा फायदा आहे. सिग्नल टॉवरवरून आडवा येत नाही, आकाशातून येतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. गारगोटीवरून बघितलं तर हिशोबाने तो आग्नेयेला, किंचित पूर्वेकडे झुकलेल्या दिशेत आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येतो. म्हणजे डोकं चांगलंच वर करून बघावं लागेल एवढा उंच. समोरचा डोंगर आडवा येण्याची शक्यता त्यामुळे फार कमी. नारळाचं किंवा आंब्याचं झाड मात्र आडवं येऊ शकतं.

डिश बघताना ती एवढी वर तोंड करून बसलेली दिसत नाही, याचा गोंधळ होऊ देऊ नका. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते. ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर "बघत" असते.

मोबाईलवर बघायचं असेल तर प्रसार भारतीचं 'वेव्ज' हे ॲप नोव्हेंबर २०२४ पासून आहे. पण त्याला इंटरनेट लागतं.

हात शिवशिवतायत? मग एफएमचा अँटेना बनवा

टीव्हीचं ॲनालॉग प्रसारण गेलं, तरी त्याच तत्त्वावर चालणारा एफएम रेडिओ हवेत आहे. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ मेगाहर्ट्झवर आहे. गारगोटी परिसरात खरखर येत असेल, तर घरगुती डायपोल उपयोगी पडू शकतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठीही हा प्रयोग चांगला आहे, कारण फरक कानाने लगेच कळतो.

लागणारं सामान: जुन्या वायरिंगमधली तांब्याची जाड वायर किंवा जुन्या यागी अँटेनाची ॲल्युमिनियमची नळी, दीड मीटर पीव्हीसी पाइप किंवा सुकलेला बांबू, डिशची उरलेली केबल, दोन स्क्रू-नट, चिकटपट्टी, एम-सील, पक्कड आणि मापाची टेप.

१. ७१०० भागिले १०२.७ म्हणजे ६९ सेंटिमीटर. एवढ्या लांबीचे दोन तुकडे कापा. दुसरं केंद्र ऐकायचं असेल तर त्याच्या फ्रिक्वेन्सीने भागा. ९४.३ साठी ७५ सेंटिमीटर, ९८.३ साठी ७२ सेंटिमीटर. दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकाने फार बिघडत नाही, त्यामुळे एकच अँटेना सगळ्यांना पुरतो.

२. दोन्ही तुकडे पाइपवर एका सरळ रेषेत बसवा. मध्ये दोन सेंटिमीटरची फट ठेवा. पाइप लोखंडी नको, नाहीतर दोन्ही तुकडे एकमेकांना जोडल्यासारखे होतील.

३. केबलचं टोक सोला. मधली तांब्याची तार एका तुकड्याला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या तुकड्याला स्क्रूने घट्ट करा. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. बहुतेक घरगुती अँटेना इथेच फसतात.

४. जोडावर चिकटपट्टी आणि वरून एम-सील लावा. भुदरगडचा पाऊस केबलमध्ये शिरला की एका पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं.

५. रेडिओला अँटेनाचं सॉकेट असेल तर केबल त्यात लावा. फक्त ओढायची दांडी असेल तर मधली तार त्या दांडीला चिमट्याने जोडा.

६. आता दिशा. डायपोल आपल्या लांबीच्या आडव्या दिशेने सगळ्यात चांगलं ऐकतो. कोल्हापूर गारगोटीच्या उत्तरेला आहे, म्हणून अँटेना पूर्व-पश्चिम आडवा धरा. मग उभा करूनही बघा. ज्यात आवाज स्वच्छ, तीच त्याची जागा.

७. उंची वाढवा, पण केबल उगाच लांब ठेवू नका. घरात गुंडाळलेली वीस मीटर केबल मिळालेला सिग्नल वाटेतच खाते.

घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी असेल, तर हे सगळं करूनही आवाज येणार नाही असं होऊ शकतं. तसं झालं तर अँटेना उचलून शंभर पावलं उघड्या माळावर न्या आणि ऐका. तिथे आवाज आला, तर तुमचं काम बरोबर आहे, आडवा आलाय तो डोंगर.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरचा जुना अँटेना भंगारात द्यावा का?
टीव्हीसाठी आता त्याचा उपयोग नाही. पण त्यातल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या एफएम डायपोलसाठी उत्तम आहेत. दोन नळ्या काढून घ्या, बाकी भंगारात द्या.

बाजारात मिळणारा "डिजिटल इनडोअर अँटेना" घ्यावा का?
तुमच्या भागात जमिनीवरून डिजिटल प्रसारण सुरू असेल आणि टीव्हीत डीव्हीबी-टी२ ट्यूनर असेल तरच. या दोन्हीची खात्री करण्याआधी पैसे घालवू नका. "इतक्या मैलांची रेंज" हा पाकिटावरचा आकडा सिग्नल असलेल्या देशांसाठी असतो.

बूस्टर लावला तर चॅनल येतील का?
नाही. बूस्टर आहे तो सिग्नल मोठा करतो. शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच. शिवाय तो सिग्नलबरोबर खरखरही मोठी करतो.

जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसतात, म्हणजे सिग्नल आहे ना?
नाही. मुंग्या म्हणजे सिग्नल नसताना टीव्हीने मोठी करून दाखवलेली हवेतली आणि टीव्हीच्या आतली खरखर. जुना टीव्ही चालू आहे एवढंच त्यातून कळतं. तोच टीव्ही फ्री डिशच्या बॉक्सला जोडता येतो. बॉक्समागची पिवळी-पांढरी-लाल पिन टीव्हीला बसते का, तेवढं दुकानात बॉक्स घेण्याआधी बघून घ्या.